दोन स्पीकरचे पाच करताना : रिसीव्हर नावाच्या पेटीचा इतिहास

संशोधन म्हटलं की आपल्यापुढे दप्तरखाना, गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं येतात. आज मात्र आपण एक पेटी वाचायला घेऊ, आणि तीही दुकानात विकायला ठेवलेली. प्रश्न साधा आहे. घरी एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, दोन बरे स्पीकर आहेत. आता त्यांना टीव्ही जोडून हळूहळू पाच स्पीकरचं होम थिएटर करायचं आहे. राहणं चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात, आणि पैसे फेलोशिपमधून वाचतील तेवढेच. तर स्वस्तातला रिसीव्हर कोणता घ्यावा?

एखाद्या मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण ते उत्तर वर्षभरात शिळं होतं. म्हणून आपण हा प्रश्न इतिहासाच्या वाटेनं सोडवू. माझं म्हणणं असं, की रिसीव्हरच्या मागच्या बाजूचं प्रत्येक सॉकेट एकेका काळात, एकेका गरजेतून आलेलं आहे. ती गरज कुणाची होती हे कळलं, की त्यातलं आपल्याला काय लागतं आणि कशाचे पैसे उगाच जातात, ते आपलं आपल्याला दिसतं. आणि वस्तू वाचण्याची ही सवय पुढे प्रबंधातही कामाला येते.

आधी शब्द बघू

रिसीव्हर म्हणजे घेणारा. काय घेणारा? तर रेडिओच्या लहरी. आज पाच-सात स्पीकर चालवणाऱ्या पेटीलाही हेच नाव आहे, कारण तिच्या पूर्वजात रेडिओचा ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात बसवलेले होते. ट्यूनर नसेल तर तो नुसता अ‍ॅम्प्लिफायर. आजही बहुतेक रिसीव्हरच्या मागे एफएमच्या अँटेनाची जागा सापडते, ती या वंशावळीची खूण.

आपल्या देशात या शब्दामागे कायदाही आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या आधारे घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, परवान्याच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत अशी पुस्तिका निघाली तर ती टाकू नका. एका गावात रेडिओ कधी आला, कुणाच्या घरी आला, याचा तो लेखी पुरावा आहे. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. ते ऐकणारी घरं कोणती होती, हे शोधायचं तर अशा कागदांपासूनच सुरुवात करावी लागते.

बांधीतला आवाज

आपल्या भागात मोठा आवाज पहिल्यांदा घराघरात आला नाही, तो गावात आला. भाषणाचा, लग्नाचा, मंडईचा आणि नाटकाचा. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की इथे मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानं नाटकं सुरू होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे या नाटक मंडळ्यांचं ठाणं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीवरचे गडचिरोली जिल्ह्यातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला तिची नव्यानं ओळख झाली.

आता याच नाटकाकडे कानाने बघा. उघडं शेत, थंडीची रात्र, समोर हजारोंचा समुदाय. दंडारीच्या काळात आवाज पोचवायचा तो गळ्यानं. पुढे माइक आला, अ‍ॅम्प्लिफायर आला, भोंगा आला. १९४० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आहुजा कंपनीसारख्यांची यंत्रं देशभर याच कामासाठी वापरली गेली. भोंग्याची रचना नीट समजून घ्या. तो खोल ढम्‌ढम्‌ वाजवू शकत नाही आणि अगदी बारीक चिरका आवाजही नीट देत नाही. माणसाच्या बोलण्याचा जो मधला पट्टा, तो मात्र लांबवर फेकतो. डावं-उजवं असला प्रकार त्यात नाही. दहा भोंगे लावले तरी सगळ्यांतून एकच आवाज येतो, कारण काम एकच: शब्द शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे.

हे लक्षात ठेवा. होम थिएटर घेताना आपण स्पीकर मोजतो, धमाक्याबद्दल विचारतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तक्रार निराळी असते: "गाणं जोरात येते, पण बोलतात काय ते समजत नाही." बांधीतल्या साउंडवाल्याला जो प्रश्न सोडवायचा होता, तोच खोलीत पुन्हा उभा राहतो. आणि रिसीव्हर घेण्याचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे, हे आपण पुढे पाहू.

एकाचे दोन, दोनाचे पाच

बोलपट आले तेव्हा पडद्यामागे आवाजाची जागा एकच होती. नट पडद्याच्या डाव्या कडेला, आवाज मात्र दुसरीकडून. लंडनच्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलिन याला हे खटकलं, असं सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्यानं दोन वाटांनी आवाज नोंदवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टिरिओचा पाया तो. पण स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. शोध आणि वापर यांत पंचवीसेक वर्षं गेली. संशोधनात 'शोध लागला' आणि 'लोकांपर्यंत पोचला' या दोन तारखा कधीही एक धरू नका.

सिनेमावाले मात्र दोनावर थांबले नाहीत. थिएटरात कडेला बसलेल्या माणसाला जवळचाच स्पीकर जास्त ऐकू येतो. मग नायिका पडद्याच्या मधोमध आणि तिचा आवाज भिंतीकडून, असं होतं. उपाय म्हणून मधोमध एक स्पीकर फक्त संवादांसाठी ठेवला गेला. 'शोले' १९७५ मध्ये ७० एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजासह आला, पण तो आवाज ऐकायला तसं प्रोजेक्टर आणि तसे स्पीकर असलेलं थिएटर लागे. त्याच सुमाराला डॉल्बी स्टिरिओ आलं. डावा, मधला, उजवा आणि मागचा अशा चार वाटा त्यांनी फिल्मच्या कडेच्या दोनच पट्ट्यांत गुंफल्या, आणि थिएटरातल्या यंत्रानं त्या पुन्हा उकलल्या. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नं ही पद्धत जगभर नेली. १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड या नावानं ती घरच्या यंत्रांत उतरली. १९८७ च्या प्रो लॉजिकनं घरालाही मधला स्पीकर दिला. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल आलं. त्यात पाच वाटा सुट्या आणि सहावी फक्त खर्जासाठी. यालाच ५.१ म्हणतात. डीव्हीडीनं नव्वदीच्या शेवटी ते दिवाणखान्यात आणलं.

मध्ये एक फसलेला प्रयोगही झाला. सत्तरच्या दशकात चार स्पीकरचं 'क्वाड' निघालं होतं. कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळेनात आणि ग्राहक कंटाळले. इतिहासात फसलेल्या गोष्टींचीही नोंद ठेवायची असते. संगीत ऐकायला लोकांना चार स्पीकर फारसे नको होते, पण सिनेमा बघताना पाच चालले. म्हणजे ही मागणी कानापेक्षा पडद्यानं घडवली.

आपल्याकडे उशीर का झाला

परवाना राजच्या काळात बाहेरचं ऑडिओ यंत्र कायदेशीररीत्या आणणं सामान्य घराच्या आवाक्यात नव्हतं. फिलिप्सचे पुण्याजवळ लोणी काळभोरला बनलेले सेट, कोलकात्याच्या सोनोडाइनची यंत्रं, आणि फार मोठ्या प्रमाणात गावच्या रेडिओ मेकॅनिकनं सुटे भाग आणून जोडलेले अ‍ॅम्प्लिफायर, हीच आपली दुनिया. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि टेपरेकॉर्डर गावोगाव गेला. पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चं पुस्तक उत्तर भारतातल्या या बदलावर आहे. स्वस्त तंत्रज्ञानानं प्रादेशिक संगीताचं काय केलं, हे कसं मांडावं यासाठी ते जरूर वाचा.

१९९१ च्या सुधारणांनंतर सगळं लगेच खुलं झालं, असं आपण परीक्षेत लिहितो. ते तितकं सरळ नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं टप्प्याटप्प्यानं गेली, आणि शेवटची १ एप्रिल २००१ ला उठली. जपानी कंपन्यांचे रिसीव्हर अधिकृत दुकानांत, वॉरंटीसह मिळू लागले ते यानंतरच्या काळात. म्हणून जुन्या बाजारात १९९० च्या आसपासचा परदेशी रिसीव्हर दिसला, तर तो कुणाच्या तरी सामानातून आला असण्याची शक्यता बरीच. अशा वेळी मागे छापलेलं व्होल्टेज आधी वाचा. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि आपल्याकडे २३०. चुकीचं यंत्र थेट लावलं तर काही सेकंदांत जळतं. त्या एका ओळीतून ती वस्तू कुठल्या देशासाठी बनली, हेही कळतं.

वॉटचा आकडा म्हणजे स्रोत, पण कसा?

नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवतात? पुढे चकचकीत स्टिकर: '१००० वॉट पीएमपीओ'. मागे छापलेलं असायचं, की यंत्र भिंतीतून वीज घेतं वीस-पंचवीस वॉट. पंचवीस घेणारा हजार देईल कुठून? पीएमपीओ मोजायची ठरलेली पद्धतच नव्हती. ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्यानं छापला. अमेरिकेत हाच गोंधळ आधी झाला होता, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये नियम केला: घरच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सांगायची तर ती किती ओहमला, कुठल्या स्वरपट्ट्यात आणि किती विकृतीसह, हेही सांगायचं.

ही स्रोतचिकित्साच आहे. आकडा खोटा आहे का, एवढंच विचारून भागत नाही. तो कुणी, कुणासाठी, कुठल्या अटींवर काढला, हे विचारायचं. सोनीच्या एसटीआर-डीएच ५९० या पाच वाटांच्या रिसीव्हरचं उदाहरण घ्या. त्याच्या माहितीपत्रकात १४५ वॉटचा आकडा आहे, आणि ९० वॉटचाही. दोन्ही खरे आहेत. पहिला १ किलोहर्ट्झ या एकाच स्वरावर आणि ०.९ टक्के विकृती चालवून घेऊन. दुसरा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या सगळ्या पट्ट्यात आणि ०.०९ टक्के विकृतीवर, दोन वाटा चालू असताना. तुलना करायची तर दुसऱ्यासारखा आकडा दुसऱ्यासारख्याशीच करा.

आणि दोन्हींतला फरक कानाला किती? वॉट दुप्पट झाले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. ९० आणि १४५ मधला फरक दोनेक डेसिबलचा. तेवढ्यासाठी जास्तीचे हजारो रुपये देऊ नका.

आता पेटीची मागची बाजू

एवढा इतिहास हाताशी असला, की निवड सोपी होते. क्रमानं बघू.

एचडीएमआय. हे सॉकेट २००२ च्या शेवटी जन्मलं. चित्र आणि आवाज एकाच वायरीनं. २००९ मध्ये त्यात एआरसी आलं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीनं उलटा रिसीव्हरकडे येतो. टीव्हीवरच सगळं बघणाऱ्या घराला एआरसी असलेलं एक सॉकेट पुरतं. पुढचं ईएआरसी चांगलं आहे, पण त्यासाठी बजेट ताणू नका.

ऑप्टिकल. एचडीएमआयच्या आधीची वाट. यातून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचं ५.१ येतं. त्यामुळे एचडीएमआय नसलेला, पण ऑप्टिकल असलेला जुना रिसीव्हर सेकंडहँड बाजारात फार स्वस्त मिळतो, आणि आपल्या कामाला चालतो. टीव्हीला ऑप्टिकल आउट आहे ना, आणि त्यातून डॉल्बी डिजिटल बाहेर जातं ना, एवढं आधी तपासा. नागपूरला जाऊन घेणार असाल तर दुकानात प्रत्येक वाट वाजवून बघा. चंद्रपूरहूनसुद्धा दीडशे किलोमीटर अंतर आहे, बदलून आणायला पुन्हा जाणं परवडत नाही.

स्पीकरची टोकं. आपले दोन स्पीकर पुढचे डावे-उजवे म्हणून इथे लागतात. त्यांच्या मागे ओहम लिहिलेले असतात. ६ किंवा ८ असतील तर बहुतेक स्वस्त रिसीव्हर ते आरामात चालवतात. ४ असतील तर रिसीव्हरच्या पुस्तिकेत ४ चालतं असं लिहिलं आहे का ते बघा. गावच्या कार्यक्रमाचा भोंगा किंवा १०० व्होल्ट लाइनचा स्पीकर इथे कधीही जोडू नका. दिसायला वायर तीच, पण ती वेगळी व्यवस्था आहे.

प्री-आउट. जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर खूप चांगला असेल आणि पुढचे दोन स्पीकर त्यावरच ठेवायचे असतील, तर पुढच्या वाटांचं प्री-आउट असलेला रिसीव्हर लागतो. सुरुवातीच्या किमतीतल्या मॉडेलमध्ये, म्हणजे वरचा सोनी किंवा यामाहाचा आरएक्स-व्ही ३८५ यांच्या वर्गात, प्री-आउट फक्त सबवूफरसाठी असतं. त्यामुळे आधी ठरवा: अ‍ॅम्प्लिफायर निवृत्त करायचा, की कामावर ठेवायचा? ठेवायचाच असेल, तर वरच्या वर्गातलं सेकंडहँड यंत्र नव्या स्वस्त यंत्रापेक्षा बरं पडतं.

आणि एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. पाच स्पीकर एकदम घ्यायची गरज नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'सेंटर नाही', 'सराउंड नाही' असं सांगता येतं. मग तो पाचही वाटांचा आवाज आपल्या दोन स्पीकरमध्ये वाटून देतो. पहिल्या वर्षी फक्त रिसीव्हर. पुढे पैसे जमले की मधला स्पीकर, शक्यतो आधीच्या दोघांच्याच कंपनीचा, म्हणजे आवाजाचा पोत जुळतो. सराउंड आणि सबवूफर सगळ्यात शेवटी.

मधला आधी का? संवादासाठी. झाडीपट्टीची नाटकं आज यूट्यूबवर बघितली जातात. त्यांत पाच वाटा कुठून येणार, फार तर दोन. पण दोन वाटांमधलं सारखं ते मध्ये काढून देणारी प्रो लॉजिकची युक्ती रिसीव्हरमध्ये असते. ती लावली की बोलणं मधल्या स्पीकरकडे जातं, आणि त्याचाच आवाज थोडा वाढवता येतो. सबंध आवाज न वाढवता आजीला शब्द कळतो.

राहिला विजेचा प्रश्न. औष्णिक वीजकेंद्र चंद्रपूरला आहे म्हणून व्होल्टेज गावोगाव सारखं असतं असं नाही. आपल्या घरी ते खालीवर होत असेल, तर स्टॅबिलायझरचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात रिसीव्हर बसवा. पावसाळ्यात वीज कडाडली की प्लग काढून ठेवायचा. पेटीच्या वर चार बोटं मोकळी जागा ठेवायची, कारण कपड्यानं झाकलेला रिसीव्हर तापून बंद पडतो.

संशोधकानं यातून काय घ्यावं

तीन गोष्टी. एक, वस्तूवर छापलेली प्रत्येक ओळ हा मजकूर आहे: व्होल्टेज, ओहम, बनवल्याचं ठिकाण, परवान्याचा उल्लेख. तो टिपून घ्या, फोटो काढा. दोन, जाहिरातीतला आकडा आणि सरकारी अहवालातला आकडा यांना एकच प्रश्न विचारा: मोजलं कसं? तीन, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेवर संपत नाही. तो वापरणाऱ्याच्या हातात सुरू होतो. १९३१ च्या पेटंटचे कागद जपलेले आहेत. वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी इथल्या एखाद्या मेकॅनिकनं जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर मात्र किलोच्या भावानं भंगारात जातो, आणि त्याच्याबरोबर आपल्या जिल्ह्यांनी आवाज कसा कमावला त्याचा पुरावाही जातो.

म्हणून नवा रिसीव्हर घरी आणाल तेव्हा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकण्याआधी एक पान लिहून ठेवा. तो कुणी जोडला, कुठून भाग आणले, किती रुपये पडले, पहिल्यांदा त्यावर काय वाजलं. घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा, तारीख टाका. आणि या मंडईत नाटकाला जाल तेव्हा तासभर आधी जा. त्या वेळी साउंडवाला माइक बांधत असतो आणि त्याच्याशी बोलायला कुणी नसतं. त्याची परवानगी घ्या, वही काढा, आणि पहिला प्रश्न विचारा: शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला, हे तुम्हाला कसं कळतं?